मधयुक्त तपकिरी एल : चव व परीक्षण

मधयुक्त तपकिरी एल : सातूचा माल्ट, हॉप, पाणी व यीस्ट यांपासून बनविलेल्या तपकिरी बिअरमध्ये मध मिसळून व तो किण्वित करून तयार केलेले पेय. एल हा बिअरचा एक प्रमुख प्रकार असून तिचे किण्वन लागर बिअरच्या मानाने उबदार तापमानात होते. त्यामुळे तिच्यात फळांची आठवण करून देणारा सौम्य गंध येतो. तपकिरी रंग व भाजलेल्या दाण्यांसारखी खरपूस चव ही भाजलेल्या माल्टची देणगी होय.

आधुनिक तपकिरी एल इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. लंडनकडील प्रकार गोडसर व कमी मद्यार्काचा, तर १९२७ साली बाजारात आलेल्या न्यूकॅसल ब्राउन एलसारखा उत्तरेकडील प्रकार अधिक कोरडा होता. मध घालून ही एल बनविण्याची आवड अमेरिकेतील लहान मद्यनिर्माते व घरी बिअर बनविणारे हौशी लोक यांच्यात विशेष आढळते. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना व्हाइट हाउसच्या आवारातील पोळ्यांचा मध वापरून अशी एल तेथे बनविण्यात आली व तिची कृती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १ पौंड (सु. ४५० ग्रॅ.) मध सांगितला आहे.

मधाचे कार्य : मधात सु. १७ ते १८ टक्के पाणी व सु. ८० टक्के शर्करा असून त्यांपैकी बहुतांश फ्रुक्टोज व ग्लुकोज या साध्या शर्करा असतात [⟶ मध]. माल्टच्या अर्कातील डेक्स्ट्रिने यीस्टला पचत नाहीत. ती पेयात शिल्लक राहून त्याला भरीवपणा देतात. मधातील शर्करा मात्र जवळजवळ पूर्णपणे किण्वित होतात. परिणामी माल्टचा काही भाग काढून त्याऐवजी मध वापरल्यास पेय अधिक गोड न होता उलट अधिक कोरडे व हलके होते. मागे उरतो तो मुख्यतः मधाचा गंध. तो फुलोऱ्याच्या प्रकारानुसार बदलतो आणि उकळताना बराचसा उडून जातो. म्हणून अनुभवी निर्माते मध उकळीच्या अखेरीस, अर्क थंड होत असताना किंवा किण्वन सुरू झाल्यानंतर मिसळतात. मध असलेली एल गोडच असली पाहिजे, ही समजूत परीक्षकाची दिशाभूल करणारी आहे.

परीक्षणपद्धती : स्पर्धांमध्ये नमुन्यांवर निर्मात्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. नमुना सु. १०° ते १३° से. तापमानास, साबणाचा अंश नसलेल्या स्वच्छ पेल्यात देतात. फार थंड पेयाचा गंध दबून राहतो. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या बिअर-परीक्षक प्रमाणन कार्यक्रमाच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात : गंध १२, रूप ३, चव २०, मुखस्पर्श ५ व एकूण ठसा १०.

बाष्पनशील घटक लवकर उडून जात असल्याने ओतताच प्रथम गंध घेतात. त्यात भाजलेले दाणे, टॉफी, काकवी व पावाचा खरपूस कडा यांची छटा आणि तीमागून फुलांचा मंद दरवळ अपेक्षित असतो. त्यानंतर पेला उजेडासमोर धरून रंग, स्वच्छता व फेसाचा टिकाऊपणा पाहतात. पुढे छोटा घोट तोंडात घोळवून गिळतात. गिळताना घशामागून नाकात चढणारा गंध चवीचा मोठा भाग असल्याने वाइनपरीक्षणाप्रमाणे घोट थुंकून टाकण्याची प्रथा येथे नाही. माल्टची गोडी, हॉपचा कडवटपणा व मागे रेंगाळणारी चव यांचा तोल पाहतात. मुखस्पर्शात भरीवपणा, बुडबुड्यांची चुणचुण व मद्यार्काची ऊब यांचा विचार होतो. दोन नमुन्यांच्या दरम्यान पाणी व साधा पाव घेतात.

दोष व निर्णय : लोण्यासारखा तीव्र वास डायॲसिटिलचा, हिरव्या सफरचंदासारखा वास ॲसिटाल्डिहाइडाचा, तर आंबूस शिरक्याचा वास जंतुसंसर्गाचा निदर्शक असतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास ऑक्सिडीकरण दर्शवितो. येथेच परीक्षकाची खरी कसोटी लागते, कारण बिअर शिळी होतानाही तीत मधासारखा गंध निर्माण होतो. फिनिल ॲसिटाल्डिहाइड हे मधाच्या गंधातील एक संयुग जुन्या बिअरमध्येही वाढते. शिवाय विशिष्ट प्रकारे तयार केलेल्या माल्टमुळे मध न घालताही मधासारखी चव आणता येते. म्हणून मधाचा भास झाला एवढ्यावर गुण देणे योग्य नव्हे. त्या गंधाबरोबर पुठ्ठ्याची छटा व फिकी पडलेली हॉपची चव असेल, तर तो दोष समजावा. तो ताजा, फुलांचा व माल्टशी एकजीव झालेला असेल, तर गुण समजावा.

प्रत्येक परीक्षक आधी स्वतंत्रपणे गुण नोंदवितो व मगच सहपरीक्षकांशी चर्चा करतो. उत्तम परीक्षण केवळ आकडा देत नाही. दोषाचे संभाव्य कारण व उपाय ते नोंदविते, उदा., मध उशिरा मिसळावा, बाटली भरताना हवेचा संपर्क टाळावा. वैयक्तिक आवड बाजूला ठेवून दिलेला असा अभिप्रायच लहान निर्मात्याला पुढील खेपेस उपयोगी पडतो.