गुणपत्रकात न दिसणारा कोपरारक्षक

"पोरगा मेहनती आहे हो, पण अख्ख्या सामन्यात एकच पकड!" उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कबड्डी स्पर्धांत डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोराबद्दल हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की आता वैताग येतो. प्रेक्षक म्हणाला तर समजू शकतं. निवडीला बसलेली माणसंही गुणपत्रक चाळून हेच म्हणतात, आणि छोट्या कॉलेजचा, छोट्या मंडळाचा बचावपटू यादीतून गळतो.

पकडी जास्त तो बचावपटू मोठा, हा तो गैरसमज.

आता जरा नियम बघा. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असतील तरच चढाईपटूला बोनस मिळतो. तो टिपायला चढाईपटू बहुतेक वेळा कोपऱ्याकडेच झुकतो. तिथला पोरगा पाय रोवून उभा राहिला, त्याने बोनस रेषेवर पाय टेकू दिला नाही, तर समोरचा नुसती निदान रेषा ओलांडून परत जातो. गुणपत्रकात काय लागलं? शून्य. लागोपाठ दोन चढाया अशा रिकाम्या गेल्या की प्रो कबड्डीत तिसरी 'करो या मरो' ठरते. तीही रिकामी गेली तर चढाईपटू बाद आणि गुण बचाव करणाऱ्या संघाला. पण हा गुण कोणत्याच बचावपटूच्या नावावर चढत नाही! तीन चढाया ज्याने अडवल्या तो कोरडाच.

साखळीचंही तेच. घोटा धरणाऱ्याच्या नावावर गुण, आणि चढाईपटूची मध्यरेषेकडची वाट बंद करणारा मध्यरक्षक बेनाम. उलट फसलेली पकड म्हणजे समोरच्याला गुण आणि स्वतः बाहेर. पाच पकडी करून सहा वेळा हातचा सोडणारा पोरगा टाळ्या घेतो, पण संघाला तो महागच पडतो.

तेव्हा पारखायचं असेल तर वहीत दोन रकाने जादा आखा: फसलेल्या पकडी आणि त्याच्या बाजूने रिकाम्या गेलेल्या चढाया. चांगला चढाईपटू त्याच्या कोपऱ्याकडे जायचं टाळतो का, तेही पाहा. आणि तिघेच उरल्यावर त्याचं डोकं थंड राहतं का? तेव्हाच्या अव्वल पकडीला दोन गुण असतात, म्हणून भलेभले तिथे उतावळे होतात.

बाकीचे समज थोडक्यात.

"पैसा चढाईपटूंनाच." 2025 च्या प्रो कबड्डी लिलावात सर्वांत महागडा ठरला इराणचा मोहम्मदरझा शादलुई, गुजरात जायंट्सकडे 2.23 कोटींना. नोंद अष्टपैलू म्हणून, दरारा डाव्या कोपऱ्याचा. त्याच्याच देशाच्या फझल अत्राचलीला यू मुंबाने 2018 मध्येच एक कोटी मोजले होते, तोही डावा कोपरारक्षकच.

"बचावपटू हरयाणातच पिकतात." 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या संघात असलेला डावा कोपरारक्षक गिरीश इर्नाक आपल्या ठाणे जिल्ह्यातला.

"धिप्पाड पोरगा म्हणजे बचावपटू." वरिष्ठ पुरुष गटात वजनाची मर्यादा 85 किलो आहे. त्यापुढचं वजन पंचाच्या काट्यावर अडतं.

"पैसे भरले की लीगमध्ये जागा मिळते." खेळाडू लिलावातून येतात किंवा नवोदितांच्या योजनेतून. जागा विकणारा दलाल भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि मंडळांच्या प्रशिक्षकांना एक विनंती. संघांकडे पाठवायला निवडक पकडींची अर्ध्या मिनिटाची रील बनवू नका. एका जागी मोबाइल लावून चाळीस मिनिटांचा सामना सलग चित्रित करा आणि तो पाठवा, फसलेल्या पकडींसकट.