कचारगडची श्रद्धा आणि पुराव्याचा प्रश्न

गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळच्या कचारगड गुहेत माघ पौर्णिमेला ठिकठिकाणचे गोंड भाविक जमतात. कली कंकाली मातेची कोंडली गेलेली मुले येथूनच मुक्त झाली आणि पारी कुपार लिंगो या आद्यगुरूने त्यांना कोया पुनेम, म्हणजे गोंडी धर्ममार्ग, शिकवला, असे परंपरा सांगते.

या श्रद्धेला आधार कोणता? इंग्रज तत्त्वज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे सर्वथा गैर ठरवले होते. लिखित पुरावा पाहायचा तर, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतलेले लिंगोचे गीत रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु ती कथा तेव्हा प्रचलित होती एवढेच त्यावरून सिद्ध होते, घटना घडली असे नव्हे, आणि हा भेद श्रद्धा मानणारे आणि नाकारणारे, दोन्ही बाजूंचे उत्साही लोक सहसा विसरतात.

गोंड मुलापर्यंत ही कथा युक्तिवादाने पोहोचतच नाही. आपले कूळ चार, पाच, सहा की सात देवांचे हे त्याला घरातच कळते, आणि समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नसल्याने श्रद्धा नात्यांच्या व्यवहारात मुरते. संस्कारातून आली म्हणून ती खोटी ठरत नाही, तशी खरीही ठरत नाही. न्यायदर्शनाने शब्द, म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीचे वचन, हे प्रमाण मानले. मात्र सांगणारा जाणकार व सत्यवचनी असावा, अशी अट घातली. ही कसोटी कचारगडला लावायची, तर ती प्रत्येक तीर्थाच्या स्थलपुराणालाही लावावी लागेल.