सॉफ्टवेअर-विकास पद्धतीची निवड

सॉफ्टवेअर तयार करताना गरजांचा अभ्यास, आराखडा, आज्ञावली-लेखन, चाचणी व देखभाल ही कामे कोणत्या क्रमाने व किती फेऱ्यांत करावयाची, हे प्रकल्पाच्या स्वरूपानुसार ठरविण्याची प्रक्रिया. कामे सर्व पद्धतींत जवळजवळ तीच असतात. चूक कोणत्या टप्प्यावर उघडकीस येते, हा त्यांतील महत्त्वाचा भेद होय.

सर्वांत परिचित अशा ‘धबधबा’ पद्धतीत एक टप्पा पूर्ण व मंजूर झाल्यावरच पुढचा हाती घेतात. अमेरिकन तज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधाशी ती जोडली जाते. तथापि चाचणी शेवटी येत असल्याने हा सरळ क्रम धोक्याचा आहे, असे खुद्द रॉइस यांनीच त्यात म्हटले होते. बॅरी बोएम यांच्या सर्पिल पद्धतीत (१९८६) प्रत्येक फेरीत सर्वांत मोठा धोका आधी हाताळतात. २००१ मध्ये सतरा तज्ञांनी जाहीरनाम्याद्वारे पुरस्कारिलेल्या ‘अ‍ॅजाइल’ पद्धतींत वापरण्याजोगा लहान भाग लवकर देऊन अनुभवानुसार पुढचे काम आखतात.

नियम स्थिर व लेखी असतील आणि चूक घातक ठरणारी असेल, तर क्रमबद्ध पद्धत सोयीची ठरते. गरजा बदलत्या असतील, तर फेऱ्यांची पद्धत बरी. मात्र नियम स्थिर असले, तरी माहिती विश्वसनीय असतेच असे नाही. महाराष्ट्रातील दोन शेतकरी कर्जमाफी योजनांवरून हे दिसून येते. त्या अंमलबजावणीच्या क्रमाची उदाहरणे असली, तरी त्यांतील प्रश्न सॉफ्टवेअर-विकासाचाच आहे.

२८ जून २०१७ च्या शासन निर्णयानंतर २४ जुलैपासून राज्यभर ऑनलाइन अर्ज घेण्यात आले व १८ ऑक्टोबरला लाभवाटपाचा प्रारंभ झाला. त्यानंतर अर्ज व बँकांकडील माहिती जुळेना आणि याद्या रखडल्या. अमरावती-अकोल्यासारख्या कोरडवाहू कापूस पट्ट्यात सेवा सहकारी संस्थेची खतावणी, सातबारा आणि आधारपत्र यांत एकाच शेतकऱ्याचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असू शकते. संगणकाच्या दृष्टीने ती तीन माणसे होत. यादीबाहेर राहिलेला खातेदार थकबाकीदारच राहतो, आणि मग मृगाच्या पेरणीसाठी नवे पीककर्ज मिळत नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये घोषित झालेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत शेतकऱ्यांकडून अर्ज न मागविता बँकांकडील माहिती घेण्यात आली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी प्रसिद्ध झालेली पहिली यादी प्रत्येक जिल्ह्यातील दोन, अशा केवळ ६८ गावांची व सु. १५,००० खात्यांची होती. तीतील रकमांची खातेदारांनी आधार-प्रमाणीकरणाने खात्री करावयाची होती. काही दिवसांतच लाखो खात्यांची दुसरी यादी आली. दोन योजनांत इतरही भेद होते, हे खरे. पण ६८ गावांतील चूक तलाठी, गटसचिव व बँकेचा शाखाधिकारी यांना एकत्र बसवून निस्तरता येते, सबंध राज्यातील नाही.

अशा पहिल्या फेरीसाठी गावे निवडताना केवळ नीटनेटक्या दप्तराची गावे घेतल्यास चाचणी निरुपयोगी ठरते. सामाईक खाती, मृत खातेदारांचे वारस आणि दोन बँकांचे कर्जदार असलेली गावे तीत मुद्दाम घ्यावी लागतात.

शासकीय कामांत मुख्य अडचण निविदेची असते. काम, मुदत व किंमत आधीच ठरल्याने फेऱ्यांची पद्धत कागदावर स्वीकारूनही व्यवहारात धबधबाच चालतो. म्हणून पहिल्या फेरीचा खर्च आणि तीनंतर आराखडा बदलण्याची मुभा करारातच नमूद करावी लागते.