नसलेली डिस्क

स्वॅप म्हणजे मेमरी अपुरी पडली की कमी लागणारा माल डिस्कवर नेऊन ठेवायचा. आयबीएमच्या मेनफ्रेमवर मात्र हा माल ज्या डिस्कवर जातो, ती डिस्कच मेमरीत असते! पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा कारभार द्राविडी प्राणायाम वाटतो.

या मशीनवर झेड/व्हीएम नावाचं, आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं. १९७२ साली आलेल्या व्हीएम/३७० चं हे वंशज. त्याच्या आश्रयाला लिनक्सची अनेक आभासी यंत्रं असतात, आणि लिनक्सला ओसरी दिली की ते हातपाय पसरतं: मोकळी मेमरी दिसली, की वाचलेल्या फायली तिथेच साठवून ठेवतं. त्यातलं खरोखर गरजेचं किती, हे झेड/व्हीएमला बाहेरून कळत नाही. म्हणून जाणते लोक यंत्राची मेमरी इतकी आवळतात, की लिनक्स जेमतेम स्वॅपला लागावं. तो स्वॅप मग व्हीडिस्कवर, म्हणजे मेमरीतल्या त्या डिस्कवर.

व्हीडिस्क ५१२ बाइटच्या ब्लॉकांची असते, एक डिस्क जास्तीत जास्त २ जीबीची. तिची गंमत अशी, की ब्लॉकला हात लागेपर्यंत त्यासाठी मेमरीचं पानच खर्ची पडत नाही. पण हात लागलेलं पान लिनक्सचं काम संपलं तरी परत मिळत नाही, आणि लिनक्स तर नव्या नव्या ब्लॉकांकडे सरकत राहतं. एकच मोठी व्हीडिस्क दिली तर ते हळूहळू ती सगळी उष्टी करतं. उपाय साधा. पहिली लहान, सर्वांत वरच्या प्राधान्याची. ती भरली तरच दुसरी मोठी. खरी डिस्क शेवटी. प्राधान्य चुकून सारखंच दिलं तर लिनक्स दोन्ही आळीपाळीने वापरतं, आणि सगळी आखणी पाण्यात.

आभासी यंत्र लॉगऑफ झालं की व्हीडिस्क नाहीशी होते. म्हणून दर लॉगऑनला, लिनक्स उठण्याआधी, स्वॅपजेन नावाची छोटी एक्झेक (स्क्रिप्ट) ती नव्याने घडवून तिच्यावर स्वॅपची खूण उमटवते.

हे फुकट मात्र नाही. मेमरीची ओढाताण वाढली, की झेड/व्हीएम व्हीडिस्कची पानंही आपल्या पेजिंग डिस्कवर ढकलतं. तेव्हा अधूनमधून लिनक्समधली प्रॉक-स्वॅप्स ही फाइल उघडून बघा. दुसऱ्या व्हीडिस्कच्या वापराचा आकडा रोज चढत असेल, तर त्या यंत्राची मेमरी वाढवा.