निर्धूर चुलीचे धुराडे स्वच्छ ठेवा

घरात निर्धूर चूल असूनही धूर कोंडतो, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष बहुधा चुलीचा नसून धुराड्याचा असतो. वर्ध्याच्या मगनवाडीशी नाव जोडलेली मगन चूल असो, की १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील सुधारित चूल, धूर बाहेर नेते ते धुराडेच.

ओले सरपण धुमसते. न जळालेली तेलकट द्रव्ये धुराबरोबर वर जातात व नळीच्या थंड भागाला चिकटून डांबरासारखा थर बनतो. नळी अरुंद होते. थर पेटल्यास ठिणगीने छप्परही पेटू शकते.

यासाठी पुढील काळजी घ्यावी :

१) लाकूड फोडून किमान सहा महिने वाळवावे. तुराट्या पावसाळ्यापूर्वी आडोशाला ठेवाव्यात. पऱ्हाटी मात्र साठवू नये. तीत गुलाबी बोंडअळी तग धरते.

२) सरपण कोंबू नये. थोडे थोडे घालून जाळ मोकळा ठेवावा.

३) चूल थंड असताना दर पंधरा दिवसांनी काठीला काथ्या बांधून नळी साफ करावी.

४) नळीत आग धडधडल्यास सर्वांना बाहेर काढावे व शक्य असल्यास चुलीचे तोंड बंद करावे. तापलेल्या नळीत पाणी ओतू नये.