शोधनिबंध छापला जातो, म्हणजे नेमकं काय होतं?

सप्टेंबर १९९४मध्ये सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. त्याआधी थोडे आठवडे मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. सुरतेत जे पसरलं तो प्लेगच होता की दुसराच काही आजार, यावर डॉक्टर आणि शास्त्रज्ञ पुढे बराच काळ वाद घालत होते. १९९६ साली बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात सुरत आणि बीड इथून मिळालेल्या जंतूंची रेणवीय तपासणी मांडणारा शोधनिबंध आला. जंतू प्लेगचाच, यर्सिनिया पेस्टिस, असं त्यात पुराव्यासह दाखवलं होतं. २००० साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या पद्धतीने तपासून तोच निष्कर्ष प्रसिद्ध केला.

वर्तमानपत्रात तेव्हा रोज काही ना काही छापून येत होतं. मग आज दाखला द्यायचा तर आपण या निबंधांचाच का देतो? कारण संशोधन नियतकालिकात, म्हणजे जर्नलमध्ये, मजकूर छापला जाण्याआधी आणि छापल्यानंतरही काही नियम पाळले जातात. ते पाळले गेले असतील तरच त्या पानाला किंमत असते. हे नियम कुठे आणि कसे लागू होतात, ते एका निबंधाच्या प्रवासातून पाहू.

समजा, सुरतेतली एक विद्यार्थिनी पीएच.डी. करते आहे. पांडेसऱ्यातल्या डाइंग-प्रिंटिंग मिलच्या सांडपाण्यातले अ‍ॅझो रंग फोडणारा एक जिवाणू तिला सापडला आहे. प्रयोग झाले, आकडे हाती आले, आता पेपर लिहायचा आहे.

पहिला प्रश्न नावांचा. लेखक म्हणून कुणाचं नाव घालायचं? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने यासाठी चार अटी घातल्या आहेत आणि इतर विषयांतही त्या प्रमाण मानल्या जातात. कामाची आखणी, माहिती गोळा करणं किंवा तिचं विश्लेषण यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाच्या सुधारणा करण्यात सहभाग हवा. अंतिम प्रतीला मान्यता दिलेली हवी. आणि उद्या कुणी शंका काढली तर उत्तर देण्याची जबाबदारी घेतलेली हवी. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. विभागप्रमुखांचं नाव शिष्टाचार म्हणून घालणं यात बसत नाही, आणि रात्र रात्र नमुने तपासणाऱ्या सहकाऱ्याने लेखनातही वाटा उचललेला असताना त्याचं नाव गाळणंही बसत नाही. ज्यांनी केवळ यंत्र वापरू दिलं किंवा नमुने आणून दिले, त्यांचा उल्लेख ऋणनिर्देशात होतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. प्रयोगाचा खर्च एखाद्या मिलने दिला असेल तर तसं निबंधात लिहावं लागतं. पैसे घेणं गैर नाही, ते लपवणं गैर आहे. वाचकाला हितसंबंध माहीत असले की तो निष्कर्ष त्या नजरेने तपासू शकतो.

तिसरा प्रश्न माणसांचा. याच विद्यार्थिनीने सुरतेतल्याच लिंबायत-उधन्यातल्या कामगारांच्या त्वचाविकारांची पाहणी करायची ठरवली, तर आधी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि प्रत्येक कामगाराची समजून दिलेली संमती लागते. ‘समजून’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खानदेशातून आलेल्या कामगाराला मराठीत आणि ओडिशातल्या गंजामहून आलेल्याला ओडियात, पाहणी कशासाठी आहे आणि नकार दिला तरी काही बिघडणार नाही, हे कळलं पाहिजे. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेतला की संमती झाली, असं होत नाही.

आता निबंध पाठवायचा, तोही एका वेळी एकाच जर्नलला. परीक्षक हे काम बहुधा विनामोबदला करतात. तोच निबंध दोन ठिकाणी पाठवला तर दोन्हीकडच्या माणसांचा वेळ वाया जातो आणि एकच काम दोनदा छापलं जाण्याचा धोका राहतो.

संपादकाच्या टेबलावर सहसा प्रथम साम्याची तपासणी होते. विद्यापीठांना यासाठी सॉफ्टवेअर मिळावं म्हणून गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ‘शोधशुद्धी’ ही योजना चालवतं. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ साली वाङ्मयचौर्याबाबत नियम केले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर अशा तीन पायऱ्या आहेत. प्रबंधात ६० टक्क्यांहून जास्त साम्य सिद्ध झालं तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. म्हणून ‘रिपोर्ट दहाच्या आत आला’ की सगळे निर्धास्त होतात. पण यंत्र फक्त शब्द जुळवून पाहतं. दुसऱ्याची कल्पना, दुसऱ्याचा आलेख किंवा बनवलेले आकडे त्याच्या नजरेतून सुटू शकतात. उलट प्रमाणित प्रयोगपद्धतीचं वर्णन सारखं आलं म्हणून टक्के वाढू शकतात. रिपोर्ट माणसाने वाचायचा असतो, नुसता आकडा पाहून फाइल करायचा नसतो.

यानंतर येतं पीअर रिव्ह्यू, म्हणजे त्याच विषयातल्या जाणकारांकडून होणारं परीक्षण. आपल्या विद्यार्थिनीने लिहिलंय की जिवाणूमुळे सांडपाण्याचा रंग जवळपास पूर्ण गेला. परीक्षक विचारतो: जिवाणू न घातलेल्या पाण्याचं काय झालं? प्रयोग किती वेळा केला? नमुना एकाच दिवशीचा की वेगवेगळ्या दिवशींचा? कारण मिलमध्ये आज लाल रंग असतो, उद्या निळा. आणि मग सगळ्यात मोलाचा प्रश्न: रंग गेला, पण विष गेलं का? अ‍ॅझो रंग फुटले की त्यांतून अ‍ॅरोमॅटिक अमाइन तयार होतात. ते बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांतले काही मूळ रंगाहून घातक असतात. त्यांची तपासणी केली नसेल तर ‘पाणी स्वच्छ झालं’ असं लिहिता येणार नाही.

या एका प्रश्नापायी तिचे आणखी काही महिने जातील. तिला रागही येईल. पण हा प्रश्न विचारला गेला नाही आणि त्या निबंधाच्या भरवशावर कुणी ते पाणी खाडीत सोडलं, तर किंमत खाडीकाठची माणसं मोजतील. परीक्षकालाही बंधनं आहेत. हाती आलेला अप्रकाशित निबंध त्याने स्वतःच्या कामासाठी वापरायचा नाही, लेखकाशी वैर किंवा जवळीक असेल तर परीक्षण नाकारायचं, आणि टीका कामावर करायची, माणसावर नाही.

निबंध स्वीकारला की काही जर्नल शुल्क घेतात. सर्वांना मोफत वाचता येणारी अनेक चांगली जर्नलही ते घेतात. नियम एवढाच की शुल्क आधीपासून जाहीर हवं आणि निर्णयावर त्याचा परिणाम नको.

छापून आल्यावर जबाबदारी संपत नाही. लहान चूक असेल तर दुरुस्ती छापतात. निष्कर्षच उभा राहत नसेल तर निबंध मागे घेतला जातो. तो पुसून टाकत नाहीत, ‘मागे घेतला’ असा शिक्का मारून कारणासह ठेवतात. हे कसं करायचं याचं मार्गदर्शन १९९७मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ‘कोप’ ही संपादकांची समिती करते. २०२३ या एकाच वर्षात जगभरात १० हजारांहून जास्त निबंध मागे घेतले गेले. त्यांतले बहुतेक ‘हिंदावी’ या एकाच प्रकाशन संस्थेचे होते. पैसे घेऊन पेपर बनवून देणारे कारखाने आणि संगनमताचं परीक्षण, ही त्यामागची मोठी कारणं.

ही सगळी वाट टाळून नुसते पैसे घेणारी जर्नल आपल्याकडे फोफावली. त्यांचं पत्र ओळखणं अवघड नाही. ‘आदरणीय प्राध्यापक’ अशी सुरुवात, विषय कोणताही चालेल, तीन दिवसांत परीक्षण, आठवड्यात प्रमाणपत्र, खाली आयएसएसएन क्रमांक आणि भलामोठा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची फक्त ओळख सांगतो, दर्जा नाही. आणि असले इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या निबंधांना सरासरी किती दाखले मिळतात हे सांगणारे आकडे, अनेकदा विकत मिळतात.

अशा जर्नलांना खतपाणी कुणी घातलं? बढतीसाठी आणि प्रबंधासाठी पेपरची संख्या मोजण्याच्या पद्धतीने. यावर उपाय म्हणून आयोगाने २०१७ साली मान्य जर्नलांची यादी काढली. विद्यापीठांनी सुचवलेली हजारो नावं तीत घुसली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी या विद्यापीठ-गटातली १,३३६ जर्नल निवडून तपासली.  त्यांतल्या नामांकित सूचींत नसलेल्या १,००९पैकी ८९७ अपुऱ्या, चुकीच्या किंवा खोट्या माहितीपायी नापास झाली. टिकली फक्त ११२. हा अभ्यास २०१८मध्ये ‘करंट सायन्स’मध्येच आला. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढली आणि २०१९मध्ये याच पुणे विद्यापीठातल्या एका केंद्राच्या मदतीने ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आणली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सक्तीचा केला. २०२२च्या नियमांनी प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढली. आणि फेब्रुवारी २०२५मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं आयोगाने जाहीर केलं. जर्नल निवडण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि संशोधकांवर आहे.

म्हणून सुरतेत, नवापुरात, जळगावात किंवा पुण्यात पेपर पाठवायला बसलेल्या प्रत्येकाला सांगणं आहे. संपादक मंडळातली नावं त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधा. एखाद्या सदस्याला पत्र लिहून विचारा की तुम्ही खरंच या मंडळावर आहात का. त्या जर्नलमधले अलीकडचे तीन निबंध स्वतः वाचा. शुल्क आणि परीक्षणाची पद्धत स्पष्ट लिहिली आहे का ते पाहा. निबंध मागे घेण्याचं धोरण आहे का तेही पाहा. आणि गाइडनी ‘कुठेही टाकून दे’ असं म्हटलं, तर नम्रपणे नाही म्हणा. चांगल्या जर्नलने नाकारलेला निबंध सुधारता येतो. बनावट जर्नलने छापलेला निबंध मात्र तुमच्या नावावर कायमचा राहतो.