जोडलेले क्षितिज

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेत बंदरात गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५७ मध्ये टिपलेली लाट छायाचित्रणाच्या इतिहासात अजरामर झाली आहे. खडकांवर फुटणारे पाणी, त्यावर दाटून आलेले ढग आणि दोहोंमध्ये क्षितिजाची रेघ. दृश्य इतके सहज वाटते, की त्यातील समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या वेळी टिपलेले आहेत, हे कोणी सांगितल्याखेरीज लक्षात येत नाही.

ही जोडणी हौसेपोटी झाली नव्हती. त्या काळी काचेवर कलोडियनचा थर देऊन निगेटिव्ह तयार करीत. हा थर निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देई. हिरव्या आणि तांबड्या रंगांना जवळजवळ नाहीच. जमिनीवरचे तपशील उमटेपर्यंत आकाशाला प्रमाणाबाहेर प्रकाश मिळे आणि कागदावर ते पांढरेफटक येई. आपल्याकडील लेण्यांची आणि किल्ल्यांची एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रे पाहावीत. त्यांतही पुष्कळदा असेच निर्विकार कोरे आकाश आढळते. ल ग्रे यांनी समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह घेतली. कागद उन्हात छापताना आधी एक भाग झाकायचा, मग दुसरा. सांधा नेमका क्षितिजावर आणायचा, कारण तेथे निसर्गानेच रेघ ओढून ठेवलेली असते. ढगांची एकच निगेटिव्ह त्यांनी एकाहून अधिक समुद्रांवर वापरली! तरीही याला निव्वळ फसवणूक म्हणवत नाही. डोळ्यांना जे एकत्र दिसत होते, तेच ते कागदावर एकत्र आणत होते.

शंभर वर्षांनंतर या कौशल्याचा हेतूच उलटा झाला. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात १९६० पासून छायाचित्रण शिकविणारे जेरी युल्समन (१९३४–२०२२) यांनी कोणीही कधी न पाहिलेले निसर्गदृश्य रचण्यासाठी निगेटिव्ह एकत्र आणल्या. त्यांच्या चित्रांत झाड मुळांसकट पाण्यावर तरंगते, अभ्यासिकेला छताऐवजी ढगाळ आकाश असते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६७ मध्ये त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. त्यांच्या डार्करूममध्ये अनेक एन्लार्जर ओळीने मांडलेले असत. प्रत्येकात वेगळी निगेटिव्ह. एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवायचा आणि नको तो भाग झाकून घ्यायचा. झाकण्यासाठी हात किंवा कापलेला पुठ्ठा किंचित हलता ठेवला, की सांध्याची कडा विरघळते. कात्री चालते ती बहुधा पुठ्ठ्यावर. निगेटिव्ह शाबूत राहते.

येथे एक तांत्रिक मेख आहे आणि या कलेचे सारे व्याकरण तिच्यात दडलेले आहे. दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून एकदम छापल्या, तर दोहोंतील पांढरे भाग जिंकतात. निगेटिव्हमध्ये ते दाट असतात आणि प्रकाश अडवतात. म्हणून काळ्या डोंगरावर ढग उमटतो, पण पांढऱ्या आकाशावर झाड उमटत नाही. त्याच निगेटिव्ह एकामागून एक छापल्या, तर काळे भाग जिंकतात. आता झाड उमटते आणि ढग डोंगरात बुडून जातो. कोणती वस्तू कोठे तगेल, हे कलावंताच्या लहरीवर नव्हे, तर चांदीच्या कणांच्या दाटपणावर ठरते.

एकच निगेटिव्ह सरळ आणि पालथी अशी दोनदा शेजारी छापली, की खडकाच्या भेगांतून मुखवटा किंवा पंख उमटू लागतात. क्षितिज नाहीसे झाले, की खडक मुठीएवढा की डोंगराएवढा, हेही उमगत नाही. निसर्गचित्र अमूर्त होते ते बहुधा या क्षणी. आकाशात उडणाऱ्या झाडापेक्षा हा संभ्रम मला अधिक मोलाचा वाटतो. पहिल्यात कल्पकता चटकन दिसते, दुसऱ्यात दगडाकडे नव्याने पाहावे लागते.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले आणि असे सांधे सर्वांच्या हाती आले. युल्समन मात्र डार्करूममध्येच काम करीत राहिले. संगणकावर चूक झाली तर एक पाऊल मागे जाता येते. तेथे तिसऱ्या एन्लार्जरखाली हात चुकला, की कागद टाकून पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि तीही लाल दिव्याच्या उजेडात, सेकंद मोजत.